न आलेल्यांची यादी

रोजगार मेळावा संपला, पाहुण्यांच्या गाड्या नागपूरच्या रस्त्याला लागल्या आणि बिछायतवाले भाऊ हातात फडकं घेऊन मांडवात शिरले. जानेवारीचे दिवस. कॉलेजच्या पटांगणालगत रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळे सकाळी मांडलेल्या खुर्चीवर दुपारपर्यंत धुळीचा थर बसायचा. ज्या खुर्चीवर कुणी बसलं तिची धूळ त्याच्या कपड्यांनी नेलेली असते. जिच्यावर कुणी टेकलंच नाही, ती तशीच पांढुरकी उरते. भाऊ पुसत पुसत मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, अडीचशे मांडल्या होत्या. दीडशेवर फडकं मारा लागलं. पुढच्या टायमाले शंभरच सांगा, तुमचेच पैसे वाचतीन."

त्याच संध्याकाळी मी प्राचार्यांच्या सहीसाठी अहवाल तयार केला. त्यात लिहिलं होतं : मेळाव्यासाठी ३१२ विद्यार्थ्यांची नोंदणी, उत्स्फूर्त प्रतिसाद. सोबत सहा फोटो, जिओ-टॅगसकट. फोटो कुठून काढायचा हे आमच्या प्रयोगशाळा सहायकांना आता पाठ झालंय. मंचाच्या डाव्या अंगाने, जरा खाली वाकून. पुढच्या चार ओळी भरगच्च दिसतात आणि मागचा रिकामा मांडव चौकटीत येत नाही. अक्षांश-रेखांश मात्र अगदी खरे असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवते. अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेलं साधं कॉलेज. प्लेसमेंट सेलची समन्वयकही मीच. ही जबाबदारी आमच्याकडे कुणी मागून घेत नाही. स्टाफ मीटिंगला जो उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात ती पडते, आणि त्या वर्षी माझी गाडी पंक्चर झाली होती. सेल म्हणजे एक लोखंडी कपाट, त्याची एकच किल्ली, आणि आत नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, निकष पाचच्या फायली. निकष पाच म्हणजे विद्यार्थ्यांना दिलेलं सहाय्य आणि विद्यार्थ्यांची प्रगती. त्यात किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले, किती स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले, हे पुराव्यासह भरायचं असतं. पुरावा म्हणजे नेमणूकपत्राची झेरॉक्स.

भाऊंचं वाक्य डोक्यातून जाईना. रात्री भाकरी थापतानाही दीडशे फडकी दिसत होती. शेवटी जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडला. एका बाजूला गुगल फॉर्मची यादी आणि दुसऱ्या बाजूला हजेरीचं रजिस्टर, दोरीने पेन बांधलेलं. म्हटलं, नावं जुळवून तरी बघू.

नावं जुळेनात. फॉर्म इंग्रजीत, रजिस्टर मराठीत. फॉर्ममध्ये एकच मुलगा दोन स्पेलिंगांनी दोनदा. राठोड आडनावाची मुलं इतकी, की आडनावावरून शोधणं म्हणजे कापसाच्या गंजीत सरकी शोधणं. मग वाटलं, मोबाईल नंबर तर एकाचा एकच असणार, त्यावरून लावू. आणि तिथे मी थबकले. एका नंबरावर तीन मुली होत्या. दुसऱ्या एका नंबरावर दोन. कॉलेजच्या दाखल्यांशी ताडून पाहिलं तर तो नंबर एकीच्या भावाचा निघाला. म्हणजे महिनाभर मी ज्या मुलींना 'नक्की या, सोबत बायोडाटा आणा' असे निरोप धाडत होते, ते सगळे पुण्यात कुठल्याशा गोदामात काम करणाऱ्या त्यांच्या भावाच्या फोनमध्ये पडत होते. तो बिचारा माझे सगळे निरोप निळे करत होता. मला वाटायचं, पोरींनी वाचलं.

रात्री साडेबारापर्यंत रोल नंबर शोधून शोधून जुळवलं तेव्हा तीन आकडे हाती आले. नोंदणी ३१२. सह्या १४३. आणि कंपन्यांच्या टेबलावरच्या कागदांवरून, प्रत्यक्ष मुलाखत दिलेले ६१. अहवालात यातला फक्त पहिला गेला होता. मुलांना मी टक्केवारी शिकवते, वर अंश आणि खाली छेद असतो हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. तरी गेली चार वर्षं मी आणि माझ्या आधीचे सर नुसता अंश लिहून पाठवत होतो, आणि जमलंच तर अंशाच्या जागीही छेदच बसवत होतो.

फॉर्ममध्ये मी काय काय विचारलं होतं हे त्या रात्री नीट वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. 'तुमचे करिअरचे ध्येय.' 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता.' 'तुमची बलस्थाने.' कुठल्यातरी प्रशिक्षणातून उचललेले प्रश्न. गाव विचारलं नव्हतं. येण्याजाण्याची गाडी विचारली नव्हती. बहुतेकांनी ध्येयाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच लिहिलं होतं, आणि दोघांनी 'चांगली नोकरी'.

गावं मग ऑफिसातून काढली. बड्या बाबूंनी कुरकुरत प्रवेश अर्जांची फाइल दिली. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये गावनिहाय माणसं मांडली तेव्हा काहीतरी दिसायला लागलं. न आलेली आणि सही करून मुलाखत न देता गेलेली बहुतेक मुलं तीन रस्त्यांवरची होती. शकुंतला ही नॅरोगेज रेल्वे बंद पडल्यापासून आमच्या भागात एसटी हाच आधार. त्यातल्या एका रस्त्यावर सकाळी एक गाडी येते, सव्वादोनला परत जाते, आणि मग थेट साडेपाचची. ती साडेपाचची फाट्यावर सोडते, तिथून तांडा दोन-अडीच किलोमीटर आत. थंडीत सहाला अंधार. कोणती माय पोरीला साडेपाचच्या गाडीने ये म्हणेल?

आता मेळाव्याची वेळ बघा. पत्रिकेत अकरा. अध्यक्ष यवतमाळहून, प्रमुख पाहुणे नागपूरहून, म्हणजे चार तास. ते आले पाऊण वाजता. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, ज्यात मी स्वतः अठरा मिनिटं बोलले, मग पाहुण्यांचं 'युवकांनो, मोठी स्वप्नं पाहा', मग आभार. पहिली मुलाखत सुरू झाली दोन वाजून वीस मिनिटांनी. सव्वादोनची गाडी पाच मिनिटांपूर्वी सुटलेली. दहाला येऊन, सही करून, नटूनथटून चार तास बसलेल्या पोरी मोठी स्वप्नं पाहा एवढं ऐकून घरी गेल्या. आमच्या कागदावर त्या 'लाभार्थी'.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा मला वाटलं होतं, चला, मुलींचं जरा सोपं झालं. तिकीट अर्धं झालं खरं, पण आमच्या त्या रस्त्यावर गाडी काही वाढली नाही.

पुढचे पंधरा दिवस मी न आलेल्यांना फोन करत सुटले. रोज दहा. तास संपला की ग्रंथालयाच्या मागच्या लिंबाखाली उभं राहून, कारण आमच्या स्टाफरूममध्ये रेंज नाही. पहिले काही फोन वाया गेले, कारण मी 'तू आला का नाहीस' असं विचारायचे आणि पलीकडून 'सॉरी मॅडम' एवढंच यायचं. प्रश्न बदलला. 'त्या दिवशी काय करत होतास?' हे विचारायला लागले तेव्हा पोरं बोलायला लागली.

"कापूस होता मॅडम. दुसरा वेचा. मजूर भेटत नाई, मायसोबत मीच होती."

"बाजार होता ना त्या दिवशी. आमचं भाजीचं दुकान राह्यते."

"मी फॉर्म भरलाच नाई. मैत्रिणीनं साऱ्याइचे भरून टाकले."

"इंग्लिशमधी विचारतीन असं वाटलं, म्हून नाई आलो."

"ग्राउंड चालू हाय मॅडम, पोलिस भरतीचं. सकाळी सोळाशे मीटर, मंग गोळा. झोपलो होतो."

शेवटचं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा आलं. मुलांच्या बाजूने तर निम्म्याहून अधिक वेळा. आणि मी अकरा खासगी कंपन्या गोळा करण्यासाठी तीन महिने नागपूर, बुटीबोरी, अमरावतीला फोन करत होते! पोरांचं मन कुठे आहे हे त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं, कारण फॉर्म कंपन्यांचा होता. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या तेव्हा राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज आले होते. खुल्या गटाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने ती फी कापूस वेचून भरली होती. त्याला मी 'टेलिकॉलर, पगार नऊ हजार' असं पोस्टर दाखवत होते.

सरकारी नोकरीच्या मागे लागण्यावर आमच्या स्टाफरूममध्ये बरीच थट्टा चालते. थट्टा करणारे सगळे अनुदानित पदावर आहेत. तासिका तत्त्वावरचे गप्प असतात.

याच सुमारास एका ऑनलाइन कार्यशाळेत अमेरिकेतल्या विद्यापीठांचं कौतुक ऐकलं. तिकडची करिअर कार्यालयं हँडशेक नावाची एक प्रणाली वापरतात. कुठल्या कार्यक्रमाला कुणी नाव घातलं, दारात कुणी कोड दाखवून आत आलं, कुठल्या शाखेचे, कुठल्या वर्षाचे, निरोप कुणी उघडला, असं सगळं तिच्यात अहवाल म्हणून निघतं आणि पुढच्या कार्यक्रमाचा दिवस, वेळ, जाहिरात त्यावरून ठरते. अशा कार्यशाळेत मी साधारणपणे व्हिडिओ बंद करून वांगी चिरते. पण वक्ते एक गोष्ट सहज सांगून गेले आणि सुरी थांबली. हे हँडशेक २०१४ साली मिशिगन टेक या विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी काढलं. ते विद्यापीठ हॉटन नावाच्या लहान गावात, पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या बाजूला, बर्फात. मोठ्या कंपन्या तिथवर येत नाहीत, बड्या शहरांतल्या बड्या कॉलेजांत जातात, ही त्यांची रड. म्हणजे त्यांचंही आमच्यासारखंच, आडगावचं कॉलेज! मला एकदम त्या पोरांविषयी जिव्हाळा वाटायला लागला. फरक एवढाच की त्यांनी सॉफ्टवेअर काढलं आणि मी अजून आडनावं जुळवत होते.

तिकडे आणखी एक प्रकार आहे, तो मला फार आवडला. कॉलेजं आणि नोकरी देणारे यांची जी तिथली राष्ट्रीय संघटना आहे, तिचं म्हणणं असं की पदवी मिळाल्यावर सहा महिन्यांत मूल कुठे पोचलं हे शोधा, आणि आकडा सांगताना आधी हे सांगा की किती जणांविषयी तुम्हाला मुळात माहीत आहे. त्याला ते नॉलेज रेट म्हणतात. निदान पासष्ट टक्के मुलांचा ठावठिकाणा तरी लागला पाहिजे. नोकरी लागली, नाही लागली, घरी आहे, जे असेल ते, पण ठाऊक पाहिजे.

मी आमच्या मागच्या वर्षीच्या बी.कॉम. अंतिमच्या वर्गाची यादी काढली आणि नावापुढे खुणा करत गेले. जी मुलं पेढे घेऊन आली ती माहीत होती. जी एम.कॉम.ला आमच्याकडेच राहिली ती माहीत होती. बाकीची? चौकाच्या दुकानात दिसतो तो एक. जिच्या लग्नाची पत्रिका आली ती एक. निम्मा वर्गही भरला नाही. तीन वर्षं ज्यांची हजेरी घेतली ती पोरं मार्कशीट घेऊन दारातून बाहेर पडली आणि आमच्यापुरती नाहीशी झाली. निकष पाचला त्याचं काही वाटत नाही, कारण तिथे झेरॉक्स नसलेलं मूल नसतंच. वडिलांच्या बारा एकरांचा हिशेब ठेवून दोन वर्षांत सावकाराचं देणं उतरवलेली आमची एक विद्यार्थिनी आहे. वाणिज्य शाखेचं याहून चांगलं प्लेसमेंट मी तरी पाहिलेलं नाही. रकाना नाही.

असो. पुढचा मेळावा आला.

या वेळी फॉर्म मराठीत केला. प्रश्न पाचच. रोल नंबर, गाव, परतीची गाडी किती वाजता, फोन स्वतःचा की घरच्यांचा, आणि नोकरीसाठी कुठपर्यंत जाल : तालुका, यवतमाळ, नागपूर-अमरावती, की पुण्या-मुंबईपर्यंत. तारीख ठरवताना बाजाराचा वार टाळला, कापसाचे शेवटचे वेचे निघून जातील असा फेब्रुवारीचा मधला आठवडा धरला. प्रचाराचंही जरा बघितलं. आधी मी रात्री नऊला पीडीएफ टाकायचे, सगळे घरी असतात म्हणून. वर्गात एकदा विचारलं, किती जणांनी उघडली? एक मुलगा म्हणाला, "मॅडम, रात्री नेट संपून जाते. दीड जीबी दिवसभर किती पुरन?" रोजचा डेटा रात्री बारानंतर नव्याने सुरू होतो. तेव्हापासून निरोप पहाटे साडेपाचला, ग्राउंडवरच्या पोरांच्या वेळेला, आणि पीडीएफ नाही, साधी चार ओळींची मराठी. ज्या मुलींचे नंबर भावांचे होते त्यांच्यासाठी एसटी स्टँडवरच्या पास खिडकीशेजारी हाताने लिहिलेला कागद चिकटवला. महिन्याच्या पासासाठी सगळ्यांना तिथे यावंच लागतं.

खरी लढाई दीपप्रज्वलनाची. मी म्हटलं, सव्वादहाला मुलाखती सुरू करू, उद्घाटन पाहुणे आल्यावर. प्राचार्य सर माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, मुलाखती चालू असताना समई लावायची? लोक काय म्हणतील?" त्यांचंही चुकत नव्हतं. ते ज्या पिढीचे आहेत तिथे कार्यक्रमाची सुरुवात हाच कार्यक्रम असतो. शेवटी तोडगा निघाला. दहा वाजता आमच्या शिपाई काकांनी आणि पहिल्या आलेल्या दोन मुलींनी समई लावली. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा काडी त्यांच्या हातात होती. एरवी ते फक्त तेल भरतात आणि वारा अडवायला उभे राहतात. पाहुणे पाऊण वाजता आले तेव्हा निम्म्या मुलाखती आटोपल्या होत्या. पाहुणे खट्टू झाले की खूष, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. भाषण मात्र सात मिनिटांत संपवलं.

आणि आता माझी फजिती. पिव्होट टेबलने डोक्यात असं काही घर केलं होतं की मला वाटायला लागलं, सगळा रोग एसटीचाच. त्या तांड्याच्या रस्त्यावरच्या एकवीस मुलींनी नाव नोंदवलं होतं. मी खिशातून पैसे घालून एक मोठी गाडी ठरवली. सकाळी नेणार, दुपारी पोचवणार. गाडीतून चार पोरी उतरल्या. चालकाला विचारलं, बाकीच्या? तो म्हणाला, "हॉर्न वाजवत गावभर फिरलो मॅडम. नाई म्हन्तात."

चौघींपैकी एक धीट होती. तिला चहा पाजला आणि विचारलं. तिने माझंच पोस्टर पिशवीतून काढलं, घडी घालून ठेवलेलं. 'ठिकाण पुणे, पगार १२,०००' या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती आणि समासात बारीक अक्षरात आकडेमोड.

"हे पाहा मॅडम. माह्या मामाची पोरगी राह्यते तिथं. कॉट बेसिसचे चार हजार. मेस तीन हजार. बसचा पास. फोन. वर्षातून दोनदा गावी येनं. मंग घरी काय पाठवू? त्यापेक्षा हितं वेचाले जाऊन, शिवणकाम करून बरं पडते. बाकीच्या पोरीइनं हेच हिशेब करून नाई म्हनलं."

बी.कॉम. द्वितीय वर्ष. परिव्यय लेखांकन मीच शिकवते त्यांना.

गाडीचा प्रश्न खोटा नव्हता, पण तो दुसरा प्रश्न होता. पहिला प्रश्न समासात होता, आणि तो माझ्या कुठल्याच रकान्यात येणार नव्हता, कारण 'कुठपर्यंत जाल' विचारलं होतं, 'कितीत जाल' विचारलं नव्हतं. त्याच वेळी दुसरी एक गोष्ट डोळ्यांसमोर होती. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हा याच गावांतून मुलींची रीघ लागली होती. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार महिना, आणि काम तालुक्याच्या ऑफिसात किंवा गावच्या ग्रामपंचायतीत. दहा हजार बारापेक्षा कमी, पण घरून डबा. ते प्रशिक्षण आधी सहा महिन्यांचं होतं, पुढे अकरा झालं, आणि अकरा संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन त्या पोरी आता माझ्या कपाटासमोर उभ्या असतात. त्याचं उत्तर कुठल्याही शीटमध्ये नाही.

तेव्हापासून आमच्या पोस्टरवर कंपनीचं बोधचिन्ह लहान आणि खाली एक तक्ता मोठा असतो. पगार, कापून हातात किती, राहायला किती, जेवायला किती, उरतात किती. कंपन्यांच्या एचआरना हे रुचत नाही. एकाने सांगितलं, असा तक्ता टाकायचा असेल तर आम्ही येत नाही. बरं, नका येऊ. बुटीबोरीच्या एका कारखान्याने मात्र तक्ता पाहून स्वतःहून कळवलं की आमच्याकडे बस आहे आणि एक वेळचं जेवण आहे, ते का लिहिलं नाही? लिहिलं. तिथे नऊ मुलं लागली, त्यातली सात अजून आहेत. हे 'अजून आहेत' मी दर तिमाहीला फोन करून विचारते. सांगितलं कुणी नाही, सवय लागली.

त्या मेळाव्याचा अहवाल असा गेला : नोंदणी १७८, उपस्थिती १३१, मुलाखती ११९, कंपन्या चार, सोबत पोलिस भरतीच्या तयारीचं एक सत्र. त्या सत्राला मुलं खिडक्यांतून उभी होती. ते घ्यायला आमचाच एक माजी विद्यार्थी आला होता, वर्दीत, मानधन न घेता. प्राचार्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"मॅडम, मागच्या वर्षी ३१२. कंपन्या अकरा. हे तर निम्म्यावर आलं. कमिटी विचारेल, प्रतिसाद घटला का?"

मी त्यांना तिन्ही आकडे समजावून सांगितले, अंश, छेद, सगळं. ते ऐकत होते, मानही डोलावत होते. मग म्हणाले, "ते खरं आहे हो. पण हा तक्ता बघायला कुणाला वेळ आहे? एकच आकडा जातो वर." आणि थोडं थांबून, "बरं, असं करा. पहिल्या ओळीत मुलाखती लिहा. मागच्या वर्षीच्या किती होत्या म्हणालात? ६१? मग वाढच आहे की." चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आकडा कुठे ठेवायचा हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. अहवाल तसा गेला. खोटं काही नव्हतं त्यात. मला मात्र त्या रात्री जरा चुटपुट लागली, की मीही आता डाव्या अंगाने, खाली वाकून फोटो काढायला शिकले.

बिछायतवाल्या भाऊंनी या वेळी दीडशे खुर्च्या आणल्या होत्या. फडकं कितींवर मारलं ते विचारायचं राहून गेलं.

माझ्या शीटमध्ये एक लाल रंगाची यादी आहे. ज्यांचे नंबर त्यांचे नाहीत, किंवा लागतच नाहीत, अशांची. तेवीस नावं होती. परवा एसटी स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट बघत उभी होते, तर मागून कुणीतरी 'मॅडम' म्हटलं. तीन मुली आणि एक नंबर, त्यातली मधली. कडेवर बाळ नव्हतं, हातात शिलाई मशीनचं मोठं चाक होतं, वायरच्या पिशवीत मावत नव्हतं. दुरुस्तीला आणलेलं.

"मेळाव्याला आली नाहीस गं तू. दोन्ही वेळा नाव होतं तुझं."

"मेळावा?" ती म्हणाली. "कधी झालता?"

मी काही बोलायच्या आत तिने चाक खाली ठेवलं, पदराच्या गाठीतून फोन काढला, नवा, प्लास्टिकचं आवरणही न काढलेला. "आता माह्या सोताचा हाय मॅडम. शिलाईच्या पैशानं घेतला. लिहून घ्या ना."

माझ्या पर्समध्ये पेन होतं, कागद नव्हता. गाडी लागत होती, लोक धावायला लागले होते. तिनेच हात पुढे केला आणि माझा पंजा उघडून धरला. ती एकेक आकडा म्हणत गेली आणि मी डाव्या तळहातावर लिहीत गेले. पुसू नये म्हणून यवतमाळपर्यंत मूठ न मिटता बसले.